वेळबाईंची सत्तेचाळिसावी लेव्हल

माझ्या आत्याने चूक केली, असं त्यांनी लिहिलंय. नुसतं बोलले नाहीत, लिहिलंय. ज्याच्याकडे म्हणून कॉम्प्युटर आहे त्या प्रत्येकाला वाचता येईल असं.

मी वाचलं तेव्हा कॉलेजच्या कँटीनमध्ये होते. प्रॅक्टिकल बुडवलं होतं, कारण आदल्या दिवशी ‘बीळ’ पुन्हा बाजारात आला होता. पस्तीस वर्षांपूर्वीचा गेम. एक उंदीर, माती, दगड, आणि एक दार. उंदराने माती उकरत दारापर्यंत पोचायचं, दगड अंगावर घ्यायचे नाहीत, वाट बंद करून घ्यायची नाही. बस एवढंच. पण शंभर लेव्हल, आणि त्या शंभरच्या शंभर माझ्या आत्याने बनवलेल्या. चौकटीच्या वहीत, पेन्सिलने, एक चौकट म्हणजे उंदराचं एक पाऊल.

जुनी कंपनी केव्हाच बुडाली. आता एका नव्या कंपनीने हक्क विकत घेऊन, आजच्या कॉम्प्युटरवर चालेल असा करून, रंगबिंग सुधारून तो परत काढला. सगळ्यात शेवटी कोणी काय केलं त्याची नावं होती. मी आत्याचं नाव शोधत खाली खाली गेले आणि सापडलं! आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव तिच्या कामाखाली. जुन्या खोक्यावर तर फक्त कंपनीचं नाव असायचं. मी ओरडणारच होते, तेवढ्यात खालच्या दोन ओळी वाचल्या.

‘सत्तेचाळिसावी लेव्हल मूळ रचनेतील चुकीमुळे सुटत नव्हती. या आवृत्तीत ती चूक दुरुस्त केली आहे.’

तळपायाची आग मस्तकात म्हणतात ना, ती खरंच तळपायातूनच सुरू होते. मला त्या दिवशी कळलं.

तुम्हाला माझी आत्या माहीत नाही म्हणून सांगते. ती बसच्या डेपोत वेळापत्रकं बनवते. कुठली गाडी किती वाजता, कुठला ड्रायव्हर कुठल्या गाडीवर, कोणाला कधी सुट्टी. दीडशे गाड्या, चारशे माणसं, आणि यातला एकही कुठे अडकून पडता कामा नये. ड्रायव्हर लोक तिला वेळबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तिला ते आवडतं. लग्न केलं नाही, आमच्याच घरात वरच्या खोलीत राहते. बाबांची मोठी बहीण. बाबा पन्नाशीचे झाले तरी ती त्यांना ‘ठोंब्या’ म्हणते आणि मला ‘ठिणगी’. का म्हणते ते सांगायला नकोच.

आणि तिचा एक नियम आहे. तिचा म्हणजे डेपोचा, पण डेपोत बाकी कोणी पाळत नाही, ती पाळते. फलकावर चुकीची वेळ लागली तर नुसती खोडून चालत नाही. चूक जितके दिवस लागली होती तितके दिवस तिची दुरुस्ती लावायची. त्याच फलकावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, खाली सही. मी लहान असताना एकदा तिने सहा चाळीसच्या गाडीपुढे सहा दहा लिहिलं. चार दिवस लोक अर्धा अर्धा तास आधी येऊन ताटकळले. मग चार दिवस फलकावर ‘सहा दहा ही चूक माझी होती, गाडी सहा चाळीसची आहे’ आणि खाली तिची सही. पाचव्या दिवशी सकाळी जाऊन तिने स्वतः ते काढलं. ड्रायव्हर लोकांनी तेवढे चार दिवस तिची यथेच्छ टर उडवली. “वेळबाई, आज सूर्य किती वाजता उगवणार, सही करून सांगा!” ती हसायची आणि सांगायची, “तू उठशील त्याच्या दोन तास आधी.”

अशी बाई. आणि हिने न सुटणारी लेव्हल बनवली म्हणे!

तिची एकच फुशारकी आहे आयुष्यात. “माझी प्रत्येक लेव्हल उघडते.” प्रत्येक लेव्हल देण्याआधी ती तीन वेळा हाताने सोडवायची, खोडरबर उंदीर आणि शर्टाची बटणं दगड. अवघड कितीही असू दे, माणूस रडकुंडीला येऊ दे, पण दार आहे म्हटलं की दार उघडणार. नाहीतर ते कोडं नाही, ती फसवणूक, असं ती म्हणते.

मी कँटीनमधूनच फोन लावला आणि सगळं एका दमात ओरडले. शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. आत्या पलीकडे डेपोत होती. मागे कोणीतरी बस वळवत होतं.

“सत्तेचाळीस?” ती म्हणाली.

“हो! सत्तेचाळीस!”

“संध्याकाळी घरी ये. येताना काही तोडफोड करू नकोस.”

तोडफोड नाही केली, पण गेमच्या पानाखाली प्रतिक्रिया लिहायची सोय होती तिथे मी जे लिहायचं ते लिहिलं. नाचता येईना अंगण वाकडं, इथून सुरुवात केली आणि मग जरा जास्तच लांब गेले. तासाभरात त्यांनी मला तिथून हाकललं. ठीक आहे. हाकला.

घरी बाबा म्हणाले, “अगं गेम आहे तो. उंदराचा. कशाला एवढं डोक्यात घेता?”

“बाबा, तुमच्या दुकानाबाहेर कोणी पाटी लावली की इथे वजनात मारतात, तर चालेल?”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं?”

“ते दुकान आहे.”

म्हणजे बघा. आमच्या घरात हे कायमच असं. आत्याने तीन वर्षं रोज बारा बारा तास डोकं फोडून शंभर लेव्हल केल्या, आणि घरचे पाहुण्यांना सांगायचे, “ही आधी कुठेतरी कॉम्प्युटरवर खेळायची, मग डेपोत चिकटली.” खेळायची! मी बाबांना आणखी बोलणार होते, पण आत्या वरून वही घेऊन खाली आली.

ती वही मी शंभरदा बघितली आहे, पण पहिलं पान कधी नीट वाचलं नव्हतं. पिवळी पडलेली, कडा मऊ झालेल्या. तिने ती टेबलावर ठेवली, माझ्या लॅपटॉपवर नवा गेम लावला, चष्मा वर सरकवला आणि सत्तेचाळिसावी लेव्हल उघडली. एका जागी भिंत होती ती गायब, दार खाली आणलेलं. उंदीर तीन उड्यांत आत.

“ही माझी नाही,” ती म्हणाली. आवाज असा की बाबांनीही टीव्ही बंद केला.

मूळ लेव्हलमध्ये काय होतं ते सांगते, सोपं आहे. एक खड्डा. त्यावर एक फळी, फळीवर शेजारी शेजारी दोन दगड. उंदीर फळी ओढतो. डावा दगड आधी खड्ड्यात जातो, मग उजवा घरंगळून त्याच्यावर बसतो, पायरी तयार होते, पायरीवरून उंदीर दारात. शंभर लेव्हलमध्ये ही एकच जागा जिथे दोन दगड एका क्षणी सुटतात.

आत्याने दुसऱ्या एका लेव्हलमध्ये उगाचच दोन दगड शेजारी आणून एकदम सोडून बघितले. दोघे एकदम पडले. अशाने सत्तेचाळिसाव्या लेव्हलची पायरी होणारच नाही.

तिने वहीचं पहिलं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. त्यावर तिच्या अक्षरात नाही, दुसऱ्याच कोणाच्या तरी बसक्या अक्षरात लिहिलं होतं: ‘डावा आधी. नेहमी.’ आणि सही.

“मिशांची सही,” ती म्हणाली.

मिशा म्हणजे गेमचा प्रोग्राम लिहिणारा माणूस. ऑफिसात ते दोघंच, एक खोली, एक पंखा, आणि एक कॉम्प्युटर जो दुपारी तापला की दोघांनी पुठ्ठ्याने वारा घालायचा. त्या काळच्या मशीनला दोन दगड एकदम हलवणं जमायचंच नाही, एकामागून एकच. मिशांनी डावीकडून सुरुवात केली, आपण वाचतो तशी. आत्याच्या ते लक्षात आलं तेव्हा तिने विचारलं, नेहमी डावाच आधी पडणार का? कारण नेहमी पडणार असेल तर मी त्यावर लेव्हल बांधते, पण उद्या बदललंत तर माझं दार बंद होईल. मिशा म्हणाले शब्द देतो. ती म्हणाली शब्द नको, लिहून द्या. म्हणून ती सही. मिशा जाऊन आता नऊ वर्षं झाली.

“म्हणजे यांनीच मोडलं!” मी ओरडले. “यांनीच दगड एकदम पाडले आणि खापर तुझ्यावर! चोर सोडून संन्याशाला फाशी!”

“ओरडू नकोस. गाडी कुठे थांबते त्यांच्या ऑफिसजवळ, ते बघ.”

ती ओळ लागल्याच्या आठव्या दिवशी आम्ही गेलो. काचेचं ऑफिस, सगळीकडे गालिचा, चालताना पावलांचा आवाजच येत नाही, मला असल्या जागांचा रागच येतो. मॅनेजर बाई गोड. इतक्या गोड की दात शिवशिवले. शेजारी एक चष्मेवाला, तिशीतला, त्याने नवा प्रोग्राम लिहिलेला. टेबलाच्या कडेला त्यांनी अभ्यासाला म्हणून आणलेलं जुनं मशीन होतं, आत्याच्या जुन्या ऑफिसात होतं तसलंच.

“ताई, तुम्ही आलात, आम्हाला इतका आनंद झाला,” मॅनेजर बाई म्हणाल्या. “आणि ती ओळ मनावर घेऊ नका हं. त्या काळी साधनंच कमी होती, शंभरात एखादी चूक होणारच.”

“झाली असती तर मी सांगितली असती,” आत्या म्हणाली. “ते मशीन चालू होतं का?”

चष्मेवाल्याने चालू केलं. आत्या बसली. पस्तीस वर्षांनी त्या कीबोर्डवर बोटं ठेवली आणि जरासुद्धा चाचपडली नाही. उंदीर वळला, उकरला, मागे आला, फळी ओढली. डावा दगड खड्ड्यात. उजवा त्याच्यावर. पायरी. दार उघडलं.

मला टाळ्या वाजवायच्या होत्या, आत्याने माझ्याकडे न बघता माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

“दगड एकदम कोणी पाडले?” तिने विचारलं.

“मी,” चष्मेवाला म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “जुना प्रोग्राम कुठे मिळालाच नाही. मी बघून बघून नव्याने लिहिला. एक आधी, एक नंतर, ते मला… मला वाटलं मशीन हळू होतं म्हणून. म्हणून सुधारलं. मग ही लेव्हल सुटेना.”

“आणि मग तुम्हाला वाटलं बाईचं चुकलं.”

तो चष्मा काढून पुसायला लागला. मी बोलले. मी म्हटलं की समोर मशीन ठेवलंय, एकदा, फक्त एकदा त्यावर खेळून बघायला काय हात दुखत होते का, आणि तुम्ही पगार कसला घेता, आणि पुढचं आत्याने बोलू दिलं नाही.

मॅनेजर बाईंनी पाण्याचे ग्लास आमच्याकडे सरकवले. “मग आपण असं करू ना. ती ओळ काढून टाकू. आणि ताईंचे विशेष आभार असं मोठ्या अक्षरात घालू. आणि ताई, ती वही, त्यातल्या त्या बारा लेव्हल, ज्या तेव्हा बाहेर आल्याच नाहीत, त्यांचं आपलं बोलणं झालं होतं…”

हे मला माहीतच नव्हतं! म्हणजे बाईंनी महिन्याभरापूर्वीच आत्याला फोन केला होता. दुसऱ्या भागासाठी केलेल्या बारा लेव्हल, कंपनी बुडाली म्हणून वहीतच राहिलेल्या. आत्या म्हणाली होती घेऊन जा, पैसे नकोत, लोकांनी खेळू दे. यांनी जाहिरातसुद्धा करून टाकली होती, ‘पुढच्या महिन्यात बारा अप्रकाशित लेव्हल’. आणि त्याच हाताने खाली ती ओळ लिहिली होती! तोंडाला पानं पुसायची तर निदान दोन वेगळे हात वापरा!

आत्याने वही उचलून मांडीवर घेतली. “या बाराच्या बारा ‘डावा आधी’वर बांधल्यात. तुमच्या प्रोग्रामात एकही उघडणार नाही. मग खाली काय लिहाल? बाईंच्या तेरा चुका?”

“नाही नाही ताई…”

“आभार नकोत मला. ओळ काढूही नका नुसती. तिथेच, तेवढ्याच अक्षरात, लिहा की लेव्हल बरोबर होती आणि चूक तुमची. जितके दिवस हे लागलं तितके दिवस ते लागू दे. खाली सही.”

मॅनेजर बाई हसल्या. हसल्या! “ताई, कंपनी असं लिहीत नसते. वकील परवानगी देणार नाहीत.”

“डेपोत वकिलांना विचारत नाही आम्ही,” आत्या म्हणाली आणि उठली.

बसमध्ये मी रडले. रागाने रडू येतं मला, काय करू. आत्या खिडकीबाहेर बघत होती आणि वहीवरून अंगठा फिरवत होती. मी म्हटलं, “तू ओरडत का नाहीस गं कधी?” ती म्हणाली, “आपल्या घरात ते खातं तुझ्याकडे आहे.”

अकराव्या दिवशी त्यांनी ओळ गुपचूप काढली. मॅनेजर बाईंचा फोन आला, झालं बरं का ताई, काढलं, आता वही? आत्या म्हणाली, “अकरा दिवस लागलं होतं ते. अकरा दिवस दुरुस्ती लावा,” आणि फोन ठेवला. बाबा म्हणाले, “ताई, आता पुरे की. काढलं ना त्यांनी?”

“ठोंब्या, ज्यांनी अकरा दिवस वाचलं ते आता परत बघायला येणारेत का, काय पुसलं ते?”

आणि मग, माझा विश्वास बसला नाही, पण बाबा म्हणाले, “ते वजनाच्या पाटीसारखंच आहे की.” मी उठून त्यांच्या डोक्यावर टपली मारली. एवढ्या दिवसांत मला राग न आलेलं हे पहिलं वाक्य.

मग आठवडाभर काहीच नाही. मी रोज ते पान उघडून बघायचे. लेव्हल अजून तीच, तीन उड्यांची, आणि खाली लोक लिहीत होते की जुन्यातली एक लेव्हल मोडकी होती म्हणे. म्हणे! त्यांना उत्तर द्यायला मला जागाच ठेवली नव्हती.

त्यानंतर एका दुपारी मी आत्याला डबा द्यायला डेपोत गेले, तर फलकाखालच्या बाकावर चष्मेवाला बसलेला. मांडीवर लॅपटॉप, बूट धुळीने भरलेले. बस बदलत बदलत एकटाच आला होता. मी तोंड उघडलं, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता, फलक वाचत होता. त्या आठवड्यात तिथे एक दुरुस्ती लागलेली होती. ‘आठ वीसच्या गाडीचा फलाट मी चुकीचा लिहिला होता. चूक माझी.’ खाली आत्याची सही, तारीख, आणि ‘तीन दिवस’.

“हे त्या खरंच लावतात?” त्याने मला विचारलं.

“मग तुम्हाला काय वाटलं, तुमच्यासाठी नवीन काढलं?”

आत्या बाहेर आली. तो उभा राहिला आणि लॅपटॉप तिच्यापुढे धरला. “डावा आधी केलंय. भिंत आणि दारही परत जागेवर. बघता का?”

आत्याने बाकावर बसून सत्तेचाळिसावी सोडवली. तीनदा. मागे चार ड्रायव्हर येऊन उभे राहिले, त्यातला एक म्हणाला, “वेळबाई, उंदराला पण ड्युटी लावली का?” तिसऱ्यांदा दार उघडल्यावर तिने लॅपटॉप परत दिला.

“आणि ओळ?”

“कंपनी लिहिणार नाही,” तो म्हणाला. “पण ते पान माझ्याच हातात असतं. मी माझ्या नावाने लिहितो. पुढे काय व्हायचं ते होईल.”

मला त्याचा तेव्हाही रागच येत होता, खोटं कशाला बोलू. पण जरा कमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लागलं. त्याच जागी, तेवढ्याच अक्षरात. ‘सत्तेचाळिसावी लेव्हल मुळात बरोबर होती आणि सुटत होती. दोन दगड एकदम पाडले, ही चूक माझी.’ खाली त्याचं पूर्ण नाव. मॅनेजर बाईंनी त्याला खोलीत बोलावून झापलं म्हणे, पण तोवर खाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं, कोणी जुनं मशीन माळ्यावरून काढून सत्तेचाळिसावी उघडून दाखवत होतं, आणि आता काढायची त्यांची हिंमत होईना. मी दर तासाला वाचायचे. बाबांनी दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं.

बाराव्या दिवशी सकाळी ते अजून लागलेलंच होतं. मी खूश. आत्याने चहाचा कप खाली ठेवला आणि चष्मेवाल्याला फोन लावला.

“काल अकरा दिवस झाले,” ती म्हणाली. “काढा ते.”

मी ताडकन उठले. “काढा काय! राहू दे ना! वर्षभर राहू दे! त्यांनी तुझं—”

तिने फोनवर हात ठेवला. “ठिणगे, त्यांनी अकरा दिवस लावलं होतं. बारावा दिवस लागला तर ती आपली चूक. आणि मग मला एक दिवस दुरुस्ती लावावी लागेल, माझ्या सहीने. त्या बाईसमोर ते कबूल करायला तू येणारेस का?”

मी दात ओठ खात खाली बसले. पलीकडून तो काहीतरी म्हणाला, ती “हं” म्हणाली, मग फोन ठेवला, चष्मा लावला आणि मला म्हणाली,

“आता वर जा आणि वही आण. आणि बटणांचा डबा. बाराच्या बारा परत तीनदा सोडवायच्यात देण्याआधी.”